तीस चमच्यांवरचं नाव

रविवार, १८ जानेवारी २०२६

आत्या,
जय भीम.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती. ती आधी दुरुस्त करते, मग बाकीचं. मी लिहिलं होतं की माझ्या लग्नातल्या चमच्यांवर तुझं नाव टाकायला बाबांनी सांगितलं. बाबांनी सांगितलेलं नाही. नाव मी टाकलं.

शाळेत घालायच्या आधी तू मला घरी शिकवायचीस, तेव्हा पाटीवर चुकलं तर पुसू द्यायची नाहीस. खाली बरोबर लिही म्हणायचीस, म्हणजे दोन्ही दिसतं. म्हणून ते पत्र फाडून टाक असं मी म्हणत नाही. दोन्ही ठेव.

तुझं उत्तर परवा आलं. चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. आईनं मला चार वेळा वाचायला लावलं. "भाऊनं माह्यं नाव टाकलं म्हणते, तं मी येतो. वसतिगृहात आठ दिवसाची सुट्टी मागतली. निळ्या काठाची पांढरी साडी घेतली. भाऊले म्हणा कोणाले न्यायले पाठवू नोको, मी बसनं येतो." हे वाचताना पहिल्या वेळी मला बरं वाटलं. चौथ्या वेळी "भाऊनं" या शब्दावर अडखळले. तू बाबांच्या शब्दावर येते आहेस आणि तो शब्द त्यांचा नाही.

चमच्यांचं प्रकरण मी मागे घाईनं चार ओळींत गुंडाळलं होतं. आता नीट सांगते.

अश्वजितची, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याची, मोठी बहीण प्रिया माजरीच्या कॉलनीत राहते. अश्वजितही तिथेच खाणीच्या वर्कशॉपमध्ये आहे. प्रियाताईंनी नागपूरच्या एका लग्नातला फोटो पाठवला. समोरच्या टेबलावर ताटाशेजारी चमचा, त्याच्या दांडीवर नवरा-नवरीचं नाव आणि तारीख. आई म्हणाली, "भात हातानं खातेत. चमच्यावर नाव कायले पाह्यजे?" पण अश्वजितचे साहेब लोक येणार आहेत, ते चमच्यानं खातात. आणि खरं सांगायचं तर मलाही तो फोटो आवडला होता. गुणपत्रिका सोडली तर माझं नाव कशावर छापलेलं मी पाहिलेलं नव्हतं.

मग आम्ही चामोर्शीला भांड्यांच्या दुकानात गेलो. फुलाच्या दांडीचे चमचे दिसायला छान, पण त्यांवर नावाला जागा नाही. हलके होते ते आईनं बोटांत वाकवून दाखवले आणि दुकानदार तोंड फिरवून बसला. शेवटी सपाट दांडीचे, जरा जड, असे ठरले. दुकानाच्या पायरीवर बिरजू मशीन घेऊन बसतो. नावं तोच टाकतो. त्यानं सांगितलं, एका दांडीवर सतरा-अठरा अक्षरं, त्याच्यावर बसत नाहीत.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "तुमच्या नावाचे चमचे लग्न झाल्यावर कुठी ठेवसान? पेटीत?" त्यांचं म्हणणं, दीडशे घ्या, लग्नात वापरा आणि मग विहाराला देऊन टाका, समाजाच्या कामाला येतील. त्यामुळे साठ इसरू आजोबांच्या नावाचे, साठ ठमाबाई आजीच्या, आणि उरलेले तीस आमच्या दोघांच्या नावाचे, ते तेवढे आमच्याकडे ठेवायचे, असं ठरलं. यादी मी लिहिली. आमच्या तीस चमच्यांच्या जागी मी तुझं नाव लिहिलं. अश्वजितनं फोनवर विचारलं तेव्हा त्याला सांगितलं की दोघांची नावं दांडीवर बसत नाहीत. तेही खोटं. बसतात.

यादी बाबांनी वाचली आणि काही बोलले नाहीत. एवढं मात्र खरं आहे.

आणखी एक गोष्ट राहिली आहे. ती आज लिहवत नाही. आईनं हळदीच्या साड्या मोजायला बोलावलं आहे.

तुझी
रिना


शनिवार, २४ जानेवारी २०२६

आत्या,

राहिलेली गोष्ट लिहिते. मध्ये सहा दिवस गेले. रोज सकाळी ठरवत होते आणि रोज पत्रिका वाटायला निघून जात होते. एका दिवसात तीन गावं झाली. रस्त्यात वाघ दिसला म्हणून फॉरेस्टवाल्यांनी तासभर थांबवलं, तर मला बरंच वाटलं. तेवढा तास कुणाच्या दारात हसावं लागलं नाही.

तुला विहाराचा तो नियम आठवतो का? तू असतानाच झाला होता. माजी उपसरपंचांनी दोनशे पेले दान दिले आणि प्रत्येकावर स्वतःचं पूर्ण नाव, वर पदही. दरवेळी पाणी पिताना त्यांचं नाव ओठाला लागतं म्हणून तूच सगळ्यांत मोठ्यानं हसली होतीस. पुढे दुसऱ्या एकानं स्वतःच्या नावाची, भात शिजवायची मोठी गंजं आणून दिली, भांडण झालं, आणि समितीनं ठराव केला. जित्या माणसाचं नाव विहाराच्या भांड्यावर टाकायचं नाही. फक्त गेलेल्यांचं, आणि नावाआधी कालकथित.

आता तुला कळलं असेल. कळलं नसेल तर मला स्पष्ट लिहायला हवं, कारण अर्धं सांगून मी आधीच बरंच बिघडवलं आहे. त्या तीस चमच्यांवर "कालकथित गिरजाबाई" असं कोरलं आहे. आजोबांच्या आणि आजीच्या नावाआधी आहे तोच शब्द. मी लिहिला. बिरजूनं कागदावर होतं तसं कोरलं. त्याची चूक नाही.

का लिहिलं, ते सांगताना मी स्वतःला सोडवून घेत नाही ना, हे तूच बघ.

आजीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू विहारात उभी राहिलीस आणि भरल्या लोकांत म्हणालीस, "माह्या बिमार मायले हरिदासनं तीन दिवस घरात ठेवलं, चौथ्या दिवशी दवाखान्याले गाडी केली." बाबा तिथंच म्हणाले, "आजपासून तू मले मेली." तू दुसऱ्या दिवशी गेलीस. तीन दिवस ठेवलं हे खरं होतं. गाडी मिळत नव्हती हेही अर्धं खरं होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि दोन्ही खऱ्यांच्या मध्ये गप्प बसले. त्यानंतर आमच्या घरात तुझं नाव कुणी घेतलं नाही. आई कधी कधी "त्या" म्हणते.

यादी लिहायला बसले तेव्हा वाटलं, माझ्या लग्नात तुझं नाव कुठंतरी असावं. पत्रिकेत बाबा टाकू देणार नाहीत. चमच्यांवर टाकावं, तर तुझ्या नावाचे चमचे बाबा घरात ठेवणार नाहीत, आणि विहाराला द्यायचे तर नियम आडवा येतो. मग हे सुचलं. मी स्वतःला म्हटलं की बाबांनी तर तुला मेलीच म्हटलं आहे, मग त्यांच्याच शब्दानं तुला आत आणते. त्या क्षणी मला हे हुशारीचं वाटलं होतं.

आणि आत खोल एक दुसरंच होतं. मला वाटलं होतं, तो शब्द तुझ्या नावाआधी पाहिला की बाबा दचकतील. रागावतील. म्हणतील, अवं, ते जित्ती आहे ना. मग मी म्हणेन, हो बाबा, आहे. एवढं बोलणं झालं असतं तरी चार वर्षांत पहिल्यांदा तुझ्याविषयी बोलणं झालं असतं.

बाबा डेपोतल्या कामावरून आले होते. हात धुऊन यादी हातात घेतली. चष्मा नव्हता म्हणून लांब धरून वाचली. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि तिसऱ्यावर बोट थांबलं. मी पाण्याचा गडवा घेऊन उभी होते. ते म्हणाले, "बिरजूले देऊन ये. यात्रा लागली का तो मार्कंड्याले बसते, मंग सापडत नाई."

एवढंच. मी यादी घेतली आणि दुसऱ्या दिवशी देऊन आले. वाटेत तो शब्द खोडता आला असता. पेन पर्समध्ये होतं.

आत्या, तू रागावली असशील तर उत्तर देऊ नकोस. पण त्या साडीचं काय करशील, हे रोज माझ्या डोक्यात येतं.

रिना


बुधवार, २८ जानेवारी २०२६

आत्या,

तुझं उत्तर आलेलं नाही. येण्याआधीच लिहिते आहे, कारण इथं एक गोष्ट झाली आणि ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्यापर्यंत येऊ नये.

सोमवारी सकाळी मी अंगणात उडीद पाखडत होते, बाबा सुट्टीवर होते म्हणून सायकलीची चेन घालत होते. तेवढ्यात शकुबाई आल्या. तुझी मैत्रीण. फाटकातूनच डोक्यावर पदर ओढलेला, आणि गळा काढून रडत. मला वाटलं त्यांच्या घरी काही झालं. त्या बाबांच्या समोर मातीत बसल्या.

"हरिदासभाऊ, गिरजी गेली अन् मले सांगतलं नाई? माणूस नाई का मी? सोबत धान रोवलं आमी वीस वर्षं!"

बाबांच्या हातात चेन होती. ते उठले नाहीत. शकुबाई रडतच होत्या, तुझ्या गमती सांगत होत्या, तू एकदा त्यांच्या बैलाला भ्यायलीस आणि हातातला धानाचा पऱ्हा सोडून बांधीच्या चिखलातच बसलीस ते सांगत होत्या. आई आतून धावत आली. तिलाही वाटलं, तिकडून काही निरोप आला. तिनं भिंत धरली. मी आईचं तोंड पाहिलं, आत्या, ते मी विसरणार नाही.

मी बाबांकडे बघत होते. आता म्हणतील, आता म्हणतील. ते चेनीचं काळं तेल अंगठ्यानं पुसत बसले.

मग मीच म्हटलं, "शकुमाय, आत्या जित्ती आहे. दहा दिवसाआधी चिठ्ठी आली तिची."

त्यांचं रडणं तोंडातच थांबलं. "मंग दिव्यानी खोटं वाचते का?" दिव्यानी म्हणजे त्यांची सून. ती भांड्यांच्या दुकानात बचत गटासाठी गंज बघायला गेली होती. चमचे पुड्यात बांधून ठेवलेले, वरच्या पुड्यावरचं नाव तिनं वाचलं आणि घरी येऊन सांगितलं.

"नाई, ती खरंच वाचते," मी म्हटलं. "तसं लिवलं आहे. मी लिवलं."

शकुबाईंनी डोळे पुसले. आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. मग त्यांचा आवाज चढला. "जित्या बाईले मारून चमचे वाटता? अन् त्याच चमच्यानं आमी वरण जेवाव?" मला त्यांनी पाठीत एक धपका दिला, चांगला जोरात. "शिकली म्हंते! काऊन शिकली तं!" आईनं चहा ठेवला. चहा घेतल्याशिवाय गेल्या नाहीत. जाताना दारात थांबून बाबांना म्हणाल्या, "भाऊ, तुमी दोघं भयनभाऊ अडेल आहा. पण ते तोंडानं तरी बोलते."

त्या गेल्यावर बाबांनी सायकल उलटी केली, चेन पुन्हा काढली, पुन्हा घातली. ती आधीच नीट बसली होती.

आईनं मला आत बोलावून विचारलं, "काऊन केलं तू असं?" मी सगळं सांगितलं. यादी बाबांनी वाचली होती, हेही. आई रागावली नाही. ती म्हणाली, "मी बी त्यायले काही म्हणलं नाई चार वर्सं. तू एकटीनंच काई नाई केलं." मला रागावली असती तर बरं झालं असतं. मी थकले आहे, आत्या. लग्न अजून पंचवीस दिवसांवर आहे आणि मला वाटतं होऊन गेलं असावं आणि मी भांडी घासत असावी.

रिना


सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

आत्या,

अजून तुझं पत्र नाही. पोस्टमन काकांना दोनदा विचारलं. ते म्हणाले, तुझ्या भामरागडकडची टपालाची पिशवी उशिरा येते. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणत होते की खरंच, मला कळलं नाही.

शनिवारी चामोर्शीला गेले आणि बिरजूला विचारलं, शब्द काढता येतो का. त्यानं एक चमचा उजेडात धरला. "ताई, हे टोचलेलं आहे. पुसत नाई. घासून बफ मारला तं दांडी पातळ होते, अन् खड्डा दिसतेच. वरतून येलबुट्टी काढून देतो, शब्द झाकून जाते." त्यानं एकावर काढून दाखवली. छान होती. पानं, कळ्या. पण बोटानं चाचपलं तर खालचा शब्द लागत होता. मी नको म्हटलं. तीस चमचे बिननावाचे घेतले, त्याच सपाट दांडीचे. ते टेबलावर लागतील. दुकानदारानं विचारलं, यांवर काय टाकायचं? काही नाही, म्हटलं. अश्वजितलाही सांगितलं की जागा बसत होती, मी खोटं बोलले. तो म्हणाला, "मले आधी सांगतलं असतं तं मी प्रियाताईले नावाच्या चमच्यासाठी मागं लागू देलं नसतं." तो रागावला आहे. ते बरोबरच आहे.

कोरलेले तीस मी घरी आणले. बाबा जेवत होते. मी पुडा त्यांच्यासमोर ठेवला आणि सोडला. त्यांनी एक उचलला, लांब धरला, वाचला. यावेळी मी वाट बघितली नाही.

"बाबा, हे तुमी वाचलं होतं ना?"

"हो."

"मंग खोडलं काऊन नाई?"

त्यांनी चमचा ताटाच्या कडेला ठेवला. म्हणाले, "मले वाटलं तूच खोडशीन."

मीही तेच धरून बसले होते, त्यांच्याविषयी. यादी हातात घेऊन आम्ही दोघं एकाच अंगणात उभे होतो आणि दोघांनी ती तशीच जाऊ दिली.

थोड्या वेळानं ते भाताकडे बघत म्हणाले, "ते खोटं नवती बोलली. तीन दिवस ठेवलंच मी. पण लोकायत बोलाव का?" मग म्हणाले, "घरात बोलली असती तं मी आयकलं असतं का, हे बी मले मालूम नाई."

आत्या, हे त्यांनी तुला सांगायला सांगितलेलं नाही. मी माझ्या जबाबदारीवर लिहिते आहे. पहिल्या पत्रातल्यासारखं त्यांच्या तोंडी काही घालत नाही. त्यांनी तुला बोलावलेलंही नाही. मी विचारलं, मी लिहू का आत्याला, की तुम्ही बोलावलं आहे? ते म्हणाले, "आता कोणत्या तोंडानं बोलवू? तिले मारून झालं आमचं." आणि हात धुवायला उठले. त्यामुळे खरं एवढंच आहे. बाबांनी बोलावलं नाही, आणि बाबांनी येऊ नको असंही म्हटलं नाही. यातून तू काय घ्यायचं ते तू ठरव. मी तुला फसवून आणणार नाही.

आता वाईट गोष्ट. चमचे अजून विहारात गेले नाहीत, पण नावांची तीच यादी दानाची म्हणून आधीच गेली. सचिवांनी ती वहीत उतरवून घेतली आहे. विहाराच्या वहीत तू गेलेली आहेस. दिव्यानीमुळे आणि शकुबाईंमुळे अर्ध्या वस्तीला माहीत आहे की ते खोटंच कोरलं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यांना वाटतं तू खरंच गेलीस. काल पौर्णिमेच्या वंदनेला एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला कळलं कशासाठी, आणि मी काही बोलले नाही. काल बोलायला हवं होतं. पूर्ण वंदनाभर ओठ हलवत होते आणि मनात शब्द जुळवत होते, आणि लोक उठून गेले.

मी सचिवांकडे एकटीनं जाऊन वहीतली ओळ बदलून घेऊ शकते. आई तेच म्हणते. "गुपचाप करून टाक, लग्नाचं घर आहे." पण माणूस मेलं हे सगळ्यांत पसरलं असताना ते जिवंत आहे हे एकट्या वहीत लिहून चालणार नाही. मी उभी राहून सांगणार आहे. तू उभी होतीस तिथंच, दाराजवळच्या खांबाशी, कारण बाया तिथंच उभ्या राहतात. सांगेन की गिरजाबाई जिवंत आहेत, भामरागडकडे मुलांच्या वसतिगृहात रोज दोनशे पोळ्या लाटतात, आणि त्यांच्या नावाआधी तो शब्द मी, रिना हरिदास उंदिरवाडे हिनं लिहिला. बाबांनी वाचला होता हे मी सांगणार नाही. ते लपवणं होतं का, यावर मी दोन दिवस विचार केला. मला वाटतं ते सांगणं त्यांचं काम आहे. ते करतील की नाही, मला माहीत नाही.

अश्वजितच्या घरचेही तिथं असतील, पुढच्या तयारीचं बोलायला येणार आहेत. त्यांच्या कानावर हे असं पडेल. पडू दे. नंतर कळण्यापेक्षा बरं.

बाबांना मी दिवस सांगितला. ते सायकल काढत होते. मागे न बघता त्यांनी विचारलं, "वंदनेच्या आधी, का मंग बोलशीन?"

मंग, म्हटलं.

हे पत्र तोवर तुला मिळेल असं धरते. मिळालं नाही तरी मी थांबणार नाही. रविवार, ८ फेब्रुवारी, सकाळची वंदना झाल्यावर.

तुझी
रिना